बत्तिसावा ठिपका

अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात तिला सगळे ठोकेबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. वर्षातून एकदा दलातला प्रत्येक जवान तिच्यासमोर लाकडी बाकड्यावर चढायचा आणि उतरायचा. पाच मिनिटं. ठोक्यांचं यंत्र टक्-टक् करत राहायचं आणि त्या तालावर उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. वेळ संपली की माणूस खुर्चीत बसायचा, ती त्याच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, भिंतीवरच्या तक्त्यात वय आणि वजन बघायची आणि एक आकडा सांगायची; नाडी जितकी शांत, तितका आकडा मोठा. माणसाचं शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा तो अंदाज. बेचाळीस किंवा वर असला तर पाठीवर सिलिंडर बांधून आगीत जायचं. कमी असला तर बाहेर थांबून पंप नाहीतर फोन सांभाळायचा.

"हा अंदाज आहे बरं का," असं ती प्रत्येकाला सांगायची. ऐकत कुणी नसे.

पूर्वी हे बाकडं नव्हतं. तेव्हा पटांगणात वीस मीटरवर दोन रेघा मारलेल्या असत आणि भोंग्याच्या तालावर एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत पळायचं. दर मिनिटाला भोंगा घाई करायचा. जो मागे पडला तो बाहेर. क्रूर होती ती चाचणी, पण तिला फसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मग एकाच वर्षी दोघांचे गुडघे गेले, एका केंद्रप्रमुखाच्या पोटरीची शीर तुटली, आणि वरिष्ठांनी ती बंद केली. बाकडं आलं. सगळ्यांना बरं वाटलं. सगळ्यात बरं वाटलं ते भावोजींना.

भावोजी म्हणजे तिच्या ताईचा नवरा. दलात त्यांना 'भाता' म्हणत. ऐन उमेदीत त्यांची छातीच तशी होती. "याला नुसती फुंकर मारायला सांगा, पाणी कशाला वाया घालवता," असा विनोद त्यांच्यावर अजून चालायचा. आता वय बावन्न. दोन वर्षांनी निवृत्ती. ठोकेबाईचा नवरा अचानक गेला तेव्हा ती आणि तिची मुलगी दोन वर्षं ताईच्या घरीच राहिल्या होत्या. भावोजींनी एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. शाळेतली कवायत शिकवायची तिची नोकरी सुटली, तेव्हा दलातल्या जागेचा अर्ज त्यांनीच घरी आणून दिला होता. "भर. बाकीचं मी बघत नाही, तूच बघ," म्हणाले होते. ते उपकार तिनं मनात अगदी जपून ठेवले होते, आणि पुढं जे झालं त्याला ते जपणंही थोडंफार कारणीभूत ठरलं.

बाकड्यावर भावोजींचा आकडा पहिल्या वर्षी बेचाळीस आला, दुसऱ्या वर्षी चव्वेचाळीस, तिसऱ्या वर्षी पंचेचाळीस. "जुनं ते सोनं," म्हणत जवानांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. पण खुर्चीत बसलेल्या भावोजींच्या मनगटावर बोटं ठेवताना तिला काहीतरी खटकायचं. नाडी शांत, मिनिटाला शंभरच्याही आत. आणि माणूस मात्र धापा टाकतोय, ओठ पांढरे पडलेत, मिनिटभर तोंडातून शब्द फुटत नाही. इतकी शांत नाडी असलेला माणूस असा दमत नाही, हे तिला वीस वर्षांच्या कामानं कळत होतं. तक्त्यात मात्र धापेचा रकाना नव्हता. नाडीचा होता. तिनं नाडी लिहिली.

त्याच वर्षी मुख्यालयानं ठरवलं की या बाकड्यावर कितपत विसंबायचं ते एकदा पारखून घ्यावं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. सरकत्या पट्ट्यावर चालायचं, मग पळायचं, तोंडाला घट्ट मास्क, आणि आत घेतलेल्या अन् बाहेर सोडलेल्या प्रत्येक श्वासाचा हिशेब यंत्र ठेवायचं. तिथं अंदाज नाही, सरळ मोजमाप. बत्तीस जवानांनी आठवड्याच्या आत दोन्ही चाचण्या द्यायच्या. दोन्ही आकडे जुळले तर बाकडंच चालू ठेवायचं, नाही जुळले तर दलासाठी असं यंत्र घ्यायचं. अहवाल ठोकेबाईनं लिहायचा. जवानांची यादी चिठ्ठ्या टाकून काढली, आणि तिसावी चिठ्ठी भावोजींची निघाली.

प्रयोगशाळा तळघरात होती. निळसर दिवे, ओल्या रबराचा वास, एका कोपऱ्यात घाम पुसलेल्या टॉवेलांचा ढीग. तिथली डॉक्टर चाळिशीची, शब्द तोलून मापून वापरणारी बाई. भावोजींना पट्ट्यावर उभं केलं तेव्हा त्यांनी मास्क लावण्याआधी ठोकेबाईकडे बघून डोळा मिचकावला.

"मेलो तर ताईला सांग, शेवटचे शब्द चांगले होते."

"काहीतरीच बोलू नका, भावोजी."

सहाव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला. आदल्या दिवशी त्यांच्याच वयाचा एकजण अकरा मिनिटं टिकला होता. पट्टा थांबला. ते कठड्याला धरून ओणवे झाले आणि कितीतरी वेळ सरळ होईनात. डॉक्टरनं पडद्यावरचे आकडे बघितले, पुन्हा बघितले.

"एकोणतीस," ती हळूच ठोकेबाईला म्हणाली. "आणि नाडी एकशे अठराच्या वर गेलीच नाही. या वयात एकशे साठ-पासष्ट तरी जायला हवी. एक तर यांनी जीव तोडून केलं नाही, किंवा नाडी दाबणारं काहीतरी औषध चालू आहे. विचारून घ्या."

जीव तोडून केलं नव्हतं असं कुणी म्हटलं नसतं. तो माणूस समोर कठड्याला लोंबकळत होता.

बाहेर पायऱ्यांवर ठोकेबाईनं विचारलं, "भावोजी, काही गोळ्या वगैरे चालू आहेत का?"

"तुझ्या ताईच्या हातचं जेवण सोडलं तर कुठलंच औषध नाही मला," ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मास्क सैल होता गं. बाजूनं वारा लागत होता गालाला. मी बोललो नाही, म्हटलं बाई रागावेल."

"मग परत करू या. पुढच्या मंगळवारी."

"करू की."

पुढच्या मंगळवारी त्यांची पाठ धरली. त्याच्या पुढच्या मंगळवारी ते कुणाच्या तरी बदली कामावर गेले. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी फोनच उचलला नाही.

अहवालाची तारीख जवळ आली. तिनं आलेखाच्या कागदावर बत्तीस ठिपके मांडले. आडव्या रेघेवर बाकड्याचा आकडा, उभ्यावर यंत्राचा. एकतीस ठिपके एका तिरक्या रेघेच्या अंगाखांद्यावर बसले. कुणी जरा वर, कुणी जरा खाली, पण कळपातले. बत्तिसावा ठिपका खूप खाली, एकटा. शाई सांडल्यासारखा.

ती कागद घेऊन डॉक्टरकडे गेली. "मास्क सैल असेल तर यंत्राचा आकडा कमी येतो ना?"

"येतो. पण मास्क मीच बांधला होता. आणि सैल मास्कनं नाडी कमी होत नाही."

"ते स्वतः म्हणतायत सैल होता म्हणून."

डॉक्टरनं तिच्याकडे नीट बघितलं. "तुमचे कोण लागतात ते?"

"ताईचे यजमान."

"हं." तिनं कागद टेबलावर सरळ केला. "माझं मत विचाराल तर चाचणी पुन्हा करा, नाहीतर ठिपका आहे तसा राहू द्या. वगळायचाच असेल, तर कारण लिहून वगळा. मात्र कारण तुमचं आणि सहीही तुमची."

तिनं लिहिलं : 'मास्क सैल असल्याने एक नोंद वगळली.' सहा शब्द. लिहिताना पेन एकदाही अडलं नाही, हेच तिला पुढं सगळ्यात जास्त आठवत राहिलं. आपण खोटं लिहितोय असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, आणि आतून ते ऊबदार वाटत होतं. एकतीस ठिपक्यांचा मेळ झकास बसला. अहवालात निष्कर्ष निघाला की बाकडं पुरेसं विश्वासार्ह आहे. मुख्यालयानं दोन ओळींचं कौतुकाचं पत्र पाठवलं. यंत्र घेण्याचा विषय तिथंच मिटला.

चार महिन्यांनी, एका कोरड्या सकाळी अकराच्या सुमाराला, एका सहा मजली कचेरीत आग लागली. पाचव्या मजल्यावर जुन्या कागदपत्रांची खोली होती, ती पेटली. लिफ्ट बंद. भावोजी आणि त्यांचा जोडीदार पहिल्या जोडीत आत गेले. जोडीदाराला दलात 'मौनी' म्हणत, कारण तो दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तरी लोक घड्याळ बघत. छत्तीस वर्षांचा, शिडशिडीत, घरी बायको आणि आठ वर्षांची मुलगी.

पुढं काय झालं ते नंतर वॉकीटॉकीवरच्या बोलण्यावरून आणि दुसऱ्या जोडीच्या सांगण्यावरून जुळवलं गेलं. अंगावर पंचवीस किलोचा सरंजाम घेऊन दोघं चार जिने चढले. भावोजी चौथ्या मजल्यावर दोनदा थांबले. मौनीनं विचारलं, "परत फिरू या?" ते म्हणाले, "चल." पाचव्या मजल्यावर, धुरात, पेटलेल्या खोलीच्या दारापासून दहा पावलांवर त्यांचे पाय गेले. गेले म्हणजे साफच गेले, उभं राहता येईना. मौनीनं मदत मागितली आणि मदतीची वाट न बघता त्यांना काखेत धरून ओढायला लागला. सरंजामासकट सव्वाशे किलोंचं ओझं. काळोख, पायऱ्या, खाली जाणारा पाण्याचा पाइप पायात. त्यानं त्यांना दीड मजला खाली आणलं. ओढताना त्याची हवा दुपटीनं संपत होती, आणि शेवटी ती संपलीच. दुसरी जोडी पोचली तेव्हा भावोजी जिन्याच्या वळणावर आडवे होते, मास्क तोंडावर, श्वास चालू. मौनी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसला होता. त्याचा मास्क गळ्यात लोंबत होता.

इस्पितळात नेईपर्यंत तो गेला होता.

ठोकेबाई धावत इस्पितळात पोचली तेव्हा ताई अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी होती. आतून एक तरुण डॉक्टर आला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "यांना कुठली औषधं चालू आहेत?"

ताईनं एकदा बहिणीकडे बघितलं. मग पर्स उघडली, आतला कप्पा उघडला, आणि गोळ्यांची एक पट्टी काढून दिली. दहातल्या चार उरल्या होत्या.

"किती दिवसांपासून?"

"तीन वर्षं. रक्तदाब होता आणि छातीत धडधडायचं."

"हृदयाची गती कमी ठेवणारी आहे ही," डॉक्टर स्वतःशीच म्हणाला आणि आत गेला.

दार बंद झालं. दोघी बहिणी एका बाकावर बसल्या. ठोकेबाई म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना."

"मला माहीत आहे. घरी येऊन सांगितलं त्यांनी." ताईचा आवाज सपाट होता. "पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं केलं गं. बाहेरच्या डॉक्टरनं दिल्या, यांनी खाल्ल्या. त्या वर्षी बाकड्यावर पास झाले, तेव्हा घरी येऊन म्हणाले, या गोळ्या तर माझ्या नाडीला गप्प बसवतात. हसत होते. मग पुढच्या वर्षी मी विचारलं की हे बरोबर आहे का? तर म्हणाले, दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे. मला फोनवर बसवलं तर मी तिथंच मरेन."

बोलायचा हक्क ठोकेबाईला उरला नव्हता. एकानं गोळी लपवली होती, दुसरीनं पर्समध्ये ठेवली होती आणि तिसरीनं ठिपका पुसला होता. तिघांनी मिळून एक बाहेरचा माणूस मारला होता, आणि तिघांपैकी कुणाच्याही मनात त्याचं वाईट नव्हतं.

भावोजी नवव्या दिवशी घरी आले. चौकशी समिती बाविसाव्या दिवशी बसली. आदल्या संध्याकाळी ताई ठोकेबाईच्या घरी आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"तू उद्या काय सांगणार आहेस?"

"विचारतील ते."

"ते विचारतील की यांनी चाचणी पास केली होती का. केली होती. तेवढंच सांग." मग तिचा स्वर खाली आला. "गेलेला परत येणार नाही, छकुले. यांना मात्र लोक जिवंतपणी जाळतील. रात्र-रात्र भिंतीकडे बघत बसतात गं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तू कुणाला चावणार?"

छकुली हे तिचं लहानपणचं नाव. ते आता दुसरं कुणी घेत नव्हतं.

"ताई, आत ये."

"नको. आधी सांग."

ठोकेबाईनं दार पूर्ण उघडून धरलं. ताई वळली आणि जिना उतरून गेली.

समितीची खोली लहान होती. लांब टेबलाच्या पलीकडे तिघं. मधल्या अधिकाऱ्यानं तिचा अहवाल चाळला आणि विचारलं, "शेवटच्या चाचणीत हे जवान उत्तीर्ण होते?"

"हो."

"आकडा?"

"पंचेचाळीस."

"म्हणजे निकषाच्या वर. ठीक. आणि बाकड्याची ही पद्धत तपासून घेतलेली आहे, तुमच्याच अहवालाप्रमाणे. ठीक. तुम्ही जाऊ शकता."

इतकं सोपं होतं ते. खुर्ची मागे सरकवायची आणि उठायचं. तिनं हात खुर्चीच्या कडेवर ठेवले. उठली नाही.

"साहेब, अहवालात एक नोंद वगळलेली आहे."

"हो, दिसतंय. मास्क सैल."

"मास्क सैल नव्हता."

लिहिणाऱ्या कारकुनाचा हात थांबला. मग ती बोलत राहिली. एकोणतीस, एकशे अठरा, तीन मंगळवार, डॉक्टरनं दिलेला इशारा, गोळ्यांची पट्टी. शेवटी म्हणाली, "बाकडं नाडी मोजतं. नाडीला गोळीनं गप्प करता येतं. श्वासाला नाही करता येत. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं."

"नातेवाईक आहेत म्हणून वगळलंत?"

"हो," ती म्हणाली.

निकाल लागायला दोन महिने गेले. भावोजींना सेवेतून काढलं. तिच्याकडून चाचण्यांचं काम काढून घेतलं आणि तिला भांडारात बसवलं, होजपाइप आणि हेल्मेटं मोजायला. यंत्र घ्यायचं ठरलं, पण आलं नाही. तोपर्यंत पटांगणातल्या दोन रेघा पुन्हा रंगवल्या. जवान तिच्याशी बोलेनासे झाले. काहींना ती घरभेदी वाटली, काहींना खुनी, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात पुरेसा दम होता. ताईनं फोन उचलणं बंद केलं. भावोजींचा मात्र एकदा फोन आला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, जड, तुटक. "तू बरोबर केलंस," ते म्हणाले, "पण माझ्या घरी येऊ नकोस." आणि फोन ठेवला.

वर्तमानपत्रात सगळं छापून यायच्या आधी ती मौनीच्या घरी गेली. हे दुसऱ्याच्या तोंडून त्या बाईला कळू नये, एवढं तरी आपण करावं असं तिला वाटलं. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. मौनीची बायको इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली आणि उभ्यानंच सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलली नाही. नवऱ्याची सवय तिलाही लागली असावी.

ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "ते पण होते का त्या बत्तीस जणांत?"

"हो."

"त्यांचा आकडा किती?"

ठोकेबाईनं पिशवीतून बत्तीस जणांच्या आकड्यांचा तक्ता काढला. बघायची गरज नव्हती, तिला पाठ होता. "बाकड्यावर चव्वेचाळीस. यंत्रावर एक्कावन्न. बत्तिसांत सगळ्यात जास्त."

"म्हणजे बाकड्यानं यांना कमीच लेखलं."

"हो."

"आणि तुमच्या भावोजींना जास्त."

"हो."

बाईनं तक्ता हातात घेतला. एक्कावन्नवर बोट ठेवून ती बघत राहिली. इस्त्रीच्या टेबलावर एक छोटा फ्रॉक अर्धा इस्त्री केलेला पडला होता.

"एवढा दम होता त्यांच्यात," ती म्हणाली. "घरी कधी बोलले नाहीत."

"मी तुमची गुन्हेगार आहे," ठोकेबाई म्हणाली. वाटेत तिनं हे वाक्य किती वेळा घोकलं होतं, आणि तोंडातून निघाल्यावर ते किती पोकळ वाजलं.

"आहात," बाई म्हणाली. रागानं नाही. एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसं. "मी माफ वगैरे करणार नाही. तशा अपेक्षेनं आला असाल तर नका येऊ परत. पण हा कागद राहू दे इथं. मुलीला मोठी झाल्यावर दाखवीन."

"त्यात बाकीच्यांची नावं..." ठोकेबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि ती थांबली. "राहू दे."

"आता जा. तिची शाळा सुटायची वेळ झाली. ती यायच्या आत मला तोंड धुवायचंय."

ठोकेबाई जिना उतरली. खाली फाटकाशी शाळेची गाडी येऊन थांबत होती. दोन वेण्यांची एक मुलगी दप्तर सावरत उतरली, अनोळखी बाईला वाट द्यायला बाजूला झाली आणि एकेका उडीत दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.